आधी कॉलम बघा, मोटर नंतर

मिलिंग मशीन घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतो. मग टेबल केवढं, मग आरपीएम किती. सरकारी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडची निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर सांगलीत घरामागच्या शेडमध्ये मी स्वतःचं छोटं वर्कशॉप मांडलं. तेव्हापासून जुने विद्यार्थी, त्यांचे मित्र, कुणाचे मेहुणे, कुणाचे डॉक्टर हाच प्रश्न घेऊन येतात: मॅडम, घरी ठेवायला कुठलं मिलिंग घेऊ? माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. मोटर शेवटी बघा. आधी कॉलम बघा, मग स्पिंडलचा टेपर बघा, आणि ते यंत्र तुमच्या जागेत कसं जाणार आणि वेळ आली तर बाहेर कसं निघणार, ते बघा.

हे विचारणारे लोक आता वाढले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. कुणी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करतो, कुणी जुन्या स्कूटरचे न मिळणारे भाग, कुणी दुर्बिणीचं माउंट. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, आयुकामध्ये दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होतात. दुर्बिणीचा आरसा हातानं घासून होतो, पण तिला आकाशात स्थिर धरणारं माउंट बनवायचं तर सपाट पृष्ठ आणि काटकोन लागतात, आणि तिथं मिलिंगवाचून अडतं. आमच्या भागाला तर ही परंपराच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. माणसाला हवी ती वस्तू स्वतः करता यावी, ही इच्छा या मातीत जुनी आहे. म्हणून तिच्यासाठी घ्यायचं यंत्र नीट पारखून घ्यावं असं मला वाटतं.

सुरुवातीलाच एका गोष्टीला माझा ठाम विरोध नोंदवते. ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर दोन बाजूंना सरकणारा व्हाइस बसवायचा आणि चकमध्ये एंडमिल धरून 'मिलिंग' करायचं, हा जुगाड स्वस्त म्हणून फार लोक करतात. करू नका. ड्रिलचा जोर वरून खाली असतो, त्यामुळे टेपरमध्ये बसलेला चक कामाच्या वेळी उलट घट्टच होतो. एंडमिलचा जोर आडवा असतो. आडव्या धक्क्यानं चक टेपरमधून सुटतो, आणि फिरता चक कटरसकट खाली येतो. शिवाय गुळगुळीत शँकची कडक एंडमिल ड्रिलचकच्या तीन जबड्यांत नीट धरली जात नाही, ती हळूहळू खाली सरकते आणि जॉबमध्ये खोल शिरते. पैसे कमी असतील तर लेथवर व्हर्टिकल स्लाइड बसवून छोटी कामं करा. इंग्लंडातल्या हौशी मॉडेल बनवणाऱ्यांनी तसं काम वर्षानुवर्षं केलं आहे. बटाल्याचा जुना शेपर मिळाला तर तोही चालेल, सपाट पृष्ठ काढायला त्याच्यासारखं सोशिक यंत्र नाही.

आता कॉलमचं. लेथवर टूल एकदा जॉबला लागलं की सहसा सलग कापत राहतं. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात येतो, आदळतो, चिप काढतो आणि बाहेर पडतो. माइल्ड स्टीलवर १० मिलिमीटरची एचएसएस एंडमिल साधारण ८०० आरपीएमला चालवायची असते. तिला चार दात असतील तर मिनिटाला ३,२०० वेळा ती जॉबवर आदळते. तो धक्का कटरमधून कॉलेटमध्ये, तिथून स्पिंडल, हेड, कॉलम, बेस आणि टेबलातून परत व्हाइसमधल्या जॉबमध्ये येतो. या फेऱ्यात जो दुवा मऊ असेल तो थरथरतो, आणि त्याची नक्षी तुमच्या जॉबवर उमटते. छोट्या मिलिंगमध्ये हा मऊ दुवा जवळपास नेहमी कॉलम असतो, नाहीतर कॉलम जिथं बेसला बोल्ट केलेला असतो तो सांधा.

वाकण्याचं गणित मी वर्गात फळ्यावर पहिल्याच महिन्यात लिहायची. एका टोकाला धरलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोरानं ती आठपट वाकते. व्यास कमी केला तर परिणाम याहून वाईट. १० मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरचा कटर तेवढाच बाहेर काढून लावला, तर तो साडेसात पटींहून जास्त वाकतो. म्हणून उंचच्या उंच आणि सडपातळ कॉलमचं मिलिंग दिसायला ऐटदार असलं, तरी माझ्या मनातून उतरतं. मला आखूड, रुंद, आतून रिब असलेला बिडाचा कॉलम हवा. बीडच हवं, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंप आतल्या आत जिरतो. पोलादी चौकोनी पाइपचा कॉलम तसा जिरवत नाही.

आणि हॉर्सपॉवर? १० मिलिमीटरचा कटर लावून स्टीलमध्ये १ मिलिमीटर खोल आणि बेताच्या फीडनं कापताना पाव एचपीसुद्धा खर्ची पडत नाही. घरच्या यंत्राची मोटर क्वचितच कमी पडते. कमी पडतो तो ताठपणा. दोन एचपीची मोटर लेच्यापेच्या कॉलमवर बसवली तर ती दोन एचपीनं थरथर निर्माण करते, बाकी काही नाही.

दुकानात उभं राहून हे कसं ओळखायचं? खिशात एक डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन जा. स्टँड टेबलावर बसवा, डायलचं टोक स्पिंडलच्या नाकाला लावा, काटा शून्यावर आणा. हेडच्या वरच्या बाजूला दोन्ही हात ठेवून पुढं ढकला, मग आपल्याकडे ओढा. काटा थोडा हलणारच. तुमचं लक्ष दोन गोष्टींवर हवं. काटा किती हलला, आणि हात सोडल्यावर शून्यावर परत आला का. परत आला तर यंत्र वाकतं आहे, म्हणजे लोखंड कमी आहे, आणि त्याला घरी इलाज नाही. परत आलाच नाही तर कुठंतरी ढिलाई आहे, गिब किंवा बोल्ट आवळून ती बहुधा निघते. विक्रेता म्हणेल, असं कुणी तपासत नाही. तुम्ही तपासा. मग टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हँडव्हीलनं फिरवून बघा. मध्ये मोकळं आणि टोकांना जड जात असेल तर ते मध्ये झिजलेलं आहे, म्हणजे आधीच्या मालकानं सगळं काम मधल्याच पट्ट्यात केलंय. आणि हँडव्हील उलट फिरवल्यावर टेबल हलायच्या आधी किती रेघा मोकळ्या जातात तेही मोजा. त्या 'प्ले'ला फार घाबरू नका, पुढे डीआरओ बसवला की टेबल खरोखर किती सरकलं ते कळतं. मात्र कटर जॉबला ओढून घेईल अशा दिशेनं जड कट घेताना तोच प्ले धोक्याचा असतो.

कॉलम गोल की चौकोनी, हा त्यातलाच पोटप्रश्न, पण त्यानं किती लोक पस्तावलेत. गोल खांबावरचं मिल-ड्रिल वजनाला भक्कम असतं आणि त्या मानानं स्वस्त मिळतं. अडचण वेगळीच आहे. भोकाचा मध्य धरून तुम्ही ड्रिल मारलंत. आता ड्रिल काढून आखूड कटर लावायचा म्हणून हेड सैल करून खाली घेतलं, की ते गोल खांबाभोवती केसभर फिरतं. मध्य गेला. पुन्हा सगळं सेटिंग. ज्यात एकाच जॉबवर चार वेळा टूल बदलायचं असतं अशा कामात ही कटकट माणसाचा उत्साह मारते. डव्हटेल स्लाइडचा कॉलम घ्या, हेड वरखाली झालं तरी मध्य जागेवर राहतो.

जुन्या कारखानी मशीनबद्दल मला फार आदर आहे. मी ज्यांच्यावर शिकले आणि शिकवलं ती मशीन्स एचएमटी आणि बीएफडब्ल्यूची होती. एचएमटी १९५३ ची, भारत फ्रिट्झ वर्नर १९६१ ची, दोन्ही बंगळूरच्या. हैदराबादच्या प्रागाची मशीन्सही टूलरूममध्ये भेटत. त्यांचं बीड आणि त्यांच्या स्लाइडवरचं हातानं केलेलं स्क्रेपिंग आज कुणी त्या पैशात देणार नाही. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनिंग सेंटर, आल्यापासून भोसरी, शिरोली, कुपवाड अशा औद्योगिक वसाहतींत सगळीकडे ही मशीन्स कोपऱ्यात गेली आणि काही वेळा किलोच्या भावानं निघाली. मागे एका विद्यार्थ्याचा फोन आला.

"मॅडम, टरेट मिलिंग मिळतंय, एम वन टीआर. भंगाराच्या भावात. उचलू का?"

"अरे, ठेवणार कुठं?"

"घरीच. बाल्कनी मोठी आहे."

"कितवा मजला तुझा?"

"तिसरा."

हे टरेट मिलिंग मूळ अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टचं, १९३८ चं. घडण अप्रतिम, आणि वजन टनाच्या घरात. आपल्याकडे राहत्या घराची स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून काढतात. टनभर लोखंड अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर, तेही कॅंटिलिव्हर बाल्कनीत! त्याला मी ओरडूनच नाही म्हटलं. तळमजला, पक्का कोबा, क्रेनची गाडी दारापर्यंत येईल इतका रस्ता, एवढं असेल तर मात्र असं मशीन जरूर घ्या. थ्री-फेज नाही म्हणून सोडू नका. सिंगल-फेजवर चालून थ्री-फेज देणारा व्हीएफडी दोन-तीन एचपीपर्यंत सहज मिळतो. फक्त मोटरच्या सहाही वायरी टर्मिनलवर बाहेर आल्या आहेत का आणि ती स्टारमधून डेल्टामध्ये २३० व्होल्टवर जोडता येते का, हे जाणकार वायरमनकडून आधी बघून घ्या.

तळमजला असला तरी सांगलीकर म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत पाणी येणार हे आदल्या संध्याकाळी नक्की झालं. माझं मिलिंग दीडशे किलोच्या आसपासचं. हेडचे बोल्ट काढले, हेड वेगळं. कॉलमचे बोल्ट काढले, कॉलम वेगळा. टेबल सॅडलवरून सरकवून काढलं. शेजारची मुलं आली आणि एकेक भाग दोघं-तिघं धरून जिन्यानं वर नेला. पुढच्या गल्लीतलं एक जुनं जड मशीन जागेवरच राहिलं, कारण त्याला हलवायचं तर क्रेन हवी आणि क्रेन त्या दिवशी कुठून आणणार. पाणी ओसरल्यावर त्याच्या मालकानं गंज काढला. पण गंजापेक्षा गाळ वाईट. नदीचा बारीक गाळ स्लाइडच्या फटीत, बेअरिंगमध्ये, नटच्या आट्यांत जाऊन बसतो आणि तेलात मिसळून आतून घासत राहतो. सगळं खोलून धुतल्याशिवाय तो निघत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांनी यंत्र घेताना हा विचार करायलाच हवा. ते किती तुकड्यांत सुटतं, सर्वांत जड तुकडा किती किलोचा, तो दोन माणसं जिन्यानं नेतील का?

म्हणून माझं मत असं बनलं आहे: घरगुती वर्कशॉपला दीडशे ते दोनशे किलोचं, डव्हटेल कॉलमचं, बोल्ट काढून सुटं होणारं बेंच मिलिंग घ्यावं. पन्नास-साठ किलोची जी छोटी मिळतात त्यांवर पितळ आणि ॲल्युमिनियम छान होतं, स्टीलवर मात्र फार धीर लागतो. त्यांतल्या काहींच्या हेडमध्ये प्लास्टिकचे गिअर असतात, ते कटर अडकला की तुटतात. बेल्टवर चालणारं हेड असेल तर अडकल्यावर बेल्ट घसरतो, एवढ्यावरच भागतं. तीनशे किलोच्या वर गेलात की यंत्र उत्तम, पण मग ते घरातलं राहत नाही. लेथ आणि मिलिंग एकाच बेडवर असलेली जोडमशीन्स मला पसंत नाहीत, एक काम मांडलं की दुसरं मोडावं लागतं. सीएनसी पहिलं यंत्र म्हणून नको. कटर कुठं अडतोय हे हँडव्हीलवर तळहाताला आधी कळू दे.

टेपरकडे लोक बघतच नाहीत आणि त्याचीच शिक्षा पुढे वर्षानुवर्षं भोगतात. छोट्या यंत्रांत मोर्स टेपर तीन नंबर किंवा आर-एट असतो, मोठ्यांत आयएसओ थर्टी किंवा फोर्टी. मोर्स टेपर निमुळता आणि घट्ट धरणारा. टूल बदलायचं तर ड्रॉबार सैल करून वरून ठोकावा लागतो, आणि तो प्रत्येक ठोका स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो. आर-एट हलक्या टिचकीनं सुटतो. आयएसओ थर्टी तर त्याहून मोकळा. यंत्र घ्यायच्या आधी जवळच्या टूलच्या दुकानात जाऊन विचारा की कोणत्या टेपरचा कॉलेट चक आजच्या आज मिळतो. जो मिळतो तो तुमचा टेपर. पुढे ईआर कॉलेट लावलेत की झालं. ईआर थर्टीटूमध्ये २० मिलिमीटरपर्यंतचे शँक धरता येतात, एकेक कॉलेट मिलिमीटरभर आवळला जातो, त्यामुळे एका संचात सगळं भागतं.

बजेट ठरवताना सगळे पैसे यंत्रावर घालू नका. जेवढं यंत्राला द्याल त्याच्या निम्मे तरी व्हाइस, कॉलेट, कटर, पॅरलल आणि डायलसाठी बाजूला काढा. व्हाइसवर तर कंजुषी अजिबात नको. ॲल्युमिनियमचा एक ओबडधोबड ठोकळा गुण्यात आणायचा आहे असं धरा. पहिली बाजू सपाट केलीत. आता ती बाजू व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्याला टेकवायची. दुसरी बाजू अजून वाकडीतिकडी आहे. हलता जबडा तिला थेट आवळायला गेला तर ठोकळा तिरका होतो आणि सपाट बाजू जबड्यापासून सुटते. म्हणून हलत्या जबड्यात आणि ठोकळ्यात मऊ धातूचा गोल गज आडवा ठेवायचा. गज एकाच रेषेत दाबतो, ठोकळा स्थिर जबड्याला चिकटतो, आणि वरून कट घेतला की दुसरी बाजू पहिलीला काटकोनात येते. हे तेव्हाच जमतं जेव्हा तो स्थिर जबडा खरोखर स्थिर असतो. स्वस्त व्हाइसचा 'स्थिर' जबडा आवळताना मागं झुकतो, डायल लावा म्हणजे दिसेल. मग दोन लाखांच्या मशीनवरही काटकोन निघणार नाही.

एवढं सगळं सांगून झालं की ऐकणारा विचारतो, मग असं यंत्र मिळतं कुठं? आणि इथं मला वाईट वाटतं. बाजारातली बहुतेक बेंच मिलिंग चीनमध्ये बनलेली आहेत. चीनच्या कारागिरांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी हौशी माणसाची गरज ओळखली आणि ती भागवली. प्रश्न आपल्या उत्पादकांना आहे. राजकोट आणि बटाला इतके लेथ बनवतात. कोल्हापूरच्या फाउंड्री इंजिनांची आणि ट्रॅक्टरची अवघड कास्टिंग ओततात. एचएमटीनं १९६१ पासून घराघरांत मनगटी घड्याळ पोचवलं, पण त्याच घरात बसेल असं मिलिंग आपल्याकडे कुणी मनावर घेतलं नाही. डव्हटेल कॉलम, आखूड आणि रिबवाला. पाचशे मिलिमीटरचं टेबल. आयएसओ थर्टी स्पिंडल, म्हणजे आपल्याच बाजारातली टूल्स चालतील. पाऊण एचपीची थ्री-फेज मोटर आणि सोबत सिंगल-फेजवरचा व्हीएफडी. कुठलाही भाग साठ किलोच्या वर नाही. यातलं काहीच आपल्या आवाक्याबाहेरचं नाही.

आणि प्रत्येक मशीनबरोबर टेस्ट चार्ट. जर्मनीचे प्राध्यापक श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूलच्या तपासणीच्या पद्धती पुस्तकरूपात मांडल्या. स्पिंडल टेबलाला किती काटकोनात, टेबल किती सपाट, स्पिंडलचा रनआउट किती, हे मोजून कागदावर लिहायचं आणि तपासणाऱ्यानं खाली सही करायची. बंगळूरच्या मोठ्या मशीनबरोबर असा कागद यायचा आणि आम्ही आयटीआयमध्ये मशीन उतरवल्यावर त्यातला एकेक आकडा पुन्हा मोजून बघायचो. घरच्या ग्राहकाला मात्र आज हँडव्हीलच्या रंगाचा फोटो मिळतो, आकडे मिळत नाहीत. तुम्ही मशीन घ्यायला जाल तेव्हा हा चार्ट मागा. नाही म्हणाले तरी मागा, पुढच्या दुकानातही मागा. शिरोलीत किंवा कुपवाडात कुणी असं मशीन करायला घेणार असेल तर पहिल्या नगाचा चार्ट मी येऊन मोजून देईन, डायल आणि गुण्या माझाच आणीन.